उपदेश पुरे, दवाखान्याची वेळ बदला

दरवर्षी १९ नोव्हेंबरला, आंतरराष्ट्रीय पुरुष दिनाच्या निमित्ताने, पुरुषांच्या आरोग्यावर दोन-चार दिवस जोरात चर्चा होते आणि दरवर्षी त्याच जागी अडकते. एका गटाचं म्हणणं असतं की पुरुष मुळातच बेफिकीर. ताप अंगावर काढतो, छातीत दुखलं तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पितो, बायको मागे लागल्याशिवाय शुगर तपासत नाही. तेव्हा त्याचं प्रबोधन केलं पाहिजे. दुसऱ्या गटाचा सूर तक्रारीचा. ‘लाडकी बहीण’ झाली, महिलांसाठी आरोग्य अभियान झालं, पुरुषाला विचारतो कोण? पहिल्या गटाला पुरुष दोषी वाटतो, दुसऱ्याला बिचारा. या पुरुषाने ज्या दवाखान्यात जावं असं आपण म्हणतो तो उघडा कधी असतो, आणि तिथे पोचायला त्याला काय मोजावं लागतं, हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. पुरुषांनी तब्येत सांभाळावी म्हणून त्यांना समजावण्यात, घाबरवण्यात किंवा चुचकारण्यात जी शक्ती जाते, तिच्यातली बरीचशी वाया जाते. सरकारी आरोग्यसेवा त्यांच्या कामाच्या वेळा, त्यांची मजुरी आणि त्यांच्या उठण्याबसण्याच्या जागा धरून आखली, तर त्यांच्यातले बहुतेक जण येतील. त्यानंतरही जे येणार नाहीत त्यांना खुशाल बेफिकीर म्हणा. आज तसं म्हणायचा अधिकार आपण कमावलेला नाही.

प्रश्न खरा आहे, त्याबद्दल वाद नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरचे ३८ टक्के पुरुष तंबाखू वापरताना आढळले, बायका ९ टक्के. दारू पिणारे पुरुष सुमारे १९ टक्के, बायका एक टक्क्याच्या आसपास. वाढलेला रक्तदाब पुरुषांत २४ टक्के, बायकांत २१. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१६-२० या काळात भारतीय पुरुषाचं सरासरी आयुर्मान ६८.६ वर्षं होतं, स्त्रीचं ७१.४. आणि २०२२ मध्ये देशात ज्या १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत दर दहामागे सात पुरुष होते. एकूण मृतांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक रोजंदारीवर काम करणारे. राज्यांच्या यादीत सर्वांत वर महाराष्ट्र. चर्चेत मात्र जो पुरुष डोळ्यांसमोर असतो तो एसी ऑफिसात बसणारा, पोट सुटलेला, जिमची फी भरून न जाणारा असतो. गवंड्याचा मदतनीस, टेम्पोचालक, बाजार समितीतला हमाल त्या चित्रात कुठेच नसतो.

तक्रार करणाऱ्या गटाचं आधी बघू, कारण त्यांना उत्तर देणं सोपं आहे. पुरुषांसाठी योजना नाही, असं म्हणता? १७ सप्टेंबर २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाने अठरा वर्षांवरील पुरुषांच्या तपासणीची खास मोहीम काढली होती. ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’ असं तिचं भारदस्त नाव होतं. आदल्या वर्षी महिलांसाठी ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ झाली, तिचीच ही जोडीदारीण. किती जणांना आठवते? पुरुषांवर अन्याय होतो म्हणून हिरिरीने लिहिणाऱ्यांनाही ती आठवत नाही. मोहीम आली, शिबिरं झाली, फोटो निघाले. पण रक्तदाब काही शिबिरापुरता वाढलेला नसतो. तो वर्षानुवर्षं रोज एक गोळी मागतो, आणि ती गोळी दर महिन्याला कुठून, किती वाजता घ्यायची याची सोय कोणत्याही मोहिमेत बसत नाही. पुरुषांच्या नावाने आणखी एक योजना काढून काही होणार नाही, हे त्या मोहिमेनेच दाखवलं आहे.

प्रबोधनवाल्यांचं म्हणणं एवढ्या सहज झटकता येत नाही. पुरुषपणाच्या कल्पना माणसाला दवाखान्यापासून दूर ठेवतात, हे खरंच आहे. ‘एवढ्याशा दुखण्याला काय डॉक्टर’ हे वाक्य लहानपणापासून कानांवर पडतं आणि हाडीमासी खिळतं. हिंजवडीतला इंजिनिअर घ्या. त्याच्याकडे विमा आहे, रजा आहे, कंपनीने दिलेलं वार्षिक तपासणीचं कूपन आहे. ते कूपन तो मुदत संपेपर्यंत ईमेलमध्ये ठेवतो. त्याला वेळेची सबब नाही. त्याच्या बाबतीत मानसिकतेचाच प्रश्न आहे हे मी मान्य करतो, आणि त्याचं काय करायचं ते त्याच्या कंपनीने, त्याच्या डॉक्टरने आणि त्याने स्वतः बघावं. सरकारी धोरण आखताना मला त्याच्याहून दुसऱ्याची काळजी जास्त आहे. सकाळी आठला मजूर अड्ड्यावर उभं राहणाऱ्याची. त्याला काम मिळतं ते आठ ते नऊच्या दरम्यान, आणि सरकारी रुग्णालयात केसपेपर निघतो तोही सकाळीच. आज केसपेपर, उद्या उपाशीपोटी रक्त, परवा रिपोर्ट. तीन सकाळी म्हणजे तीन दिवसांची मजुरी. तोच माणूस रात्री नऊला नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन ‘डोकं जड झालंय, काहीतरी द्या’ म्हणतो, दोन गोळ्या घेतो, वीस-तीस रुपये देतो. हा माणूस बेफिकीर आहे का? तो उपचार शोधतो आहे. जे दार उघडं सापडलं त्या दाराशी तो गेला, इतकंच.

मन वळवणं आणि सेवा देणं, यांतलं अधिक काय चालतं याची उत्तम परीक्षा आपल्याकडे झालेली नाही, ती अमेरिकेत झाली. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांच्या ५२ सलूनमधून एक प्रयोग केला गेला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तदाब बराच वाढलेले ३१९ नेहमीचे गिऱ्हाईक निवडले. काही सलूनमध्ये न्हाव्याने गिऱ्हाइकाला समजवायचं होतं: मीठ कमी कर, डॉक्टरकडे जा. बाकीच्या सलूनमध्ये न्हाव्याच्या शेजारी प्रशिक्षित औषधतज्ज्ञ येऊन बसे, तिथेच रक्तदाब मोजे, आणि त्या गिऱ्हाइकाच्या डॉक्टरशी झालेल्या करारानुसार तिथेच औषध लिहून देई. सहा महिन्यांनी समजावलेल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला होता. खुर्चीत बसल्याबसल्या औषध मिळालेल्यांचा २७ अंकांनी. १३०/८०च्या खाली आलेले पहिल्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात ६४. न्हावी दोन्हीकडे विश्वासाचाच, जिव्हाळ्याने बोलणारा. आपल्याकडे औषधविक्रेत्याला असं लिहून देण्याची मुभा नाही आणि ती सरसकट द्यावी असंही मी म्हणणार नाही. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या मनात डॉक्टरी व्यवस्थेबद्दल जो अविश्वास आहे त्याचा इतिहासही वेगळा. पण समजावण्याला त्याहून चांगली संधी कुठे मिळणार होती? मिळाली, आणि तिने एक तृतीयांश काम केलं. एवढ्यावर ज्यांना समाधान आहे त्यांनी पोस्टर छापत राहावं.

इतकं लांब जायलाही नको. आपल्याच राज्यात २००४-०६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ३३. ही घसरण कशाने झाली? गरोदर बाईने स्वतःची काळजी घ्यावी अशी भाषणं त्याआधीही होतच होती. फरक पडला तो २००५ नंतर गावागावात आशा आली, बाळंतपण दवाखान्यात व्हावं म्हणून हातात पैसे मिळू लागले, फोन केला की गाडी दारात यायला लागली, प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रीही नर्स असायला लागली, तेव्हा. त्या बाईचा स्वभाव बदलेपर्यंत कोणी थांबलं नाही. ‘बायकांना आपल्या जिवाची पर्वा नाही’ असं म्हणून सरकारने हात झटकले असते तर आपण ते ऐकून घेतलं असतं का? मग पुरुषांच्या बाबतीत तेच वाक्य एवढ्या सहज का खपतं?

त्याचं एक उत्तर इतिहासात आहे आणि ते फारसं कोणी बोलून दाखवत नाही. स्वतंत्र भारतात सरकार पुरुषाच्या शरीराकडे एकदाच जिवाच्या आकांताने धावलं, ते आणीबाणीत. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी ६२ लाखांच्या आसपास पुरुषांच्या. शिक्षक, तलाठी, पोलीस, सगळ्यांना कोटा. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. पुढे १९७७ ची निवडणूक झाली, आणि सरकारांनी त्यातून धडा घेतला, तोही चुकीचा. जबरदस्ती वाईट, एवढं शिकायला हवं होतं. पुरुषांच्या वाटेला जाऊ नये, हे शिकले. कुटुंब नियोजनाचा सगळा भार बायकांच्या पोटावर आला: पाचव्या सर्वेक्षणात स्त्री नसबंदी जवळपास ३८ टक्के, पुरुष नसबंदी ०.३. शस्त्रक्रिया पुरुषाची सोपी, टाक्यांविना होणारी, तरी हे प्रमाण. त्याच साच्यात पुढची व्यवस्था घडली. नर्सताई, आशाताई, अंगणवाडीताई दुपारी घरोघरी जातात, दुपारी घरी असते बाई. तीस वर्षांवरील सगळ्यांचा रक्तदाब-मधुमेहाचा फॉर्म आशाने भरायचा असतो. नवऱ्याची माहिती बहुतेकदा बायकोच सांगते. राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम आपल्याकडे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा या जिल्ह्यांतून सुरू झाला, चांगला चालला, पण अशा कार्यक्रमांत औषधासाठी नाव नोंदवणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. आजार पुरुषांत जास्त, नोंदणीत बायका जास्त. त्यात स्वभावाचा वाटा असेल. दवाखान्याच्या रचनेचा त्याहून मोठा आहे, असं मला वाटतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. आधीच बायकांच्या आरोग्याची दैना, त्यात आता पुरुषांसाठी वेगळा खर्च कशाला? आक्षेप पोकळ नाही. त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय होता, पुरुषांत २५ टक्के. १९९५ ते २०२१ या काळात देशात नोंदलेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांना मिळाली, बायकांना ६,९४५. मूत्रपिंड द्यायला बायको, आई, बहीण, घ्यायला पुरुष. बीडमध्ये २०१९ साली पाहणी झाली तेव्हा ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीत काम बुडालं की खाडा, खाड्याला दंड, म्हणून पिशवीच नको, इथवर गोष्ट गेली. यापुढे ‘पुरुषाला विचारतो कोण’ हे म्हणायला जीभ कशी रेटते, मला कळत नाही.

पण हेच दाखले नीट वाचले तर माझ्या मुद्द्याकडेच येतात. प्रत्यारोपणाचे आकडे सांगतात की पुरुष मरणाच्या दारात पोचला की घर शेत विकतं, दागिने मोडतं. म्हणजे पैसा त्याच्यावर खर्च होतोच, फक्त शेवटी, सर्वांत महाग टप्प्यावर, आणि तो बायकोच्या स्त्रीधनातून जातो. वेळेवर मिळालेली रक्तदाबाची स्वस्त गोळी पुढचं डायलिसिस टाळू शकते आणि तिच्या बांगड्याही वाचवते. ऊसतोडीची गोष्ट सांगते की खाड्याचा हिशेब माणसाकडून शरीराचं काहीही करून घेतो. त्या बायका काही ‘आरोग्याबद्दल उदासीन’ नव्हत्या. शिवाय आज पुरुषाच्या तब्येतीची जबाबदारी कोणावर आहे? जाहिरात सांगते, ‘वहिनी, दादांना तपासणीला आणा’. स्वयंपाक, मुलं, सासूचं पथ्यपाणी यांत नवऱ्याला ओढून दवाखान्यात नेण्याचं आणखी एक काम. (‘घरच्यांसाठी तरी जपा’ हे आवाहनही मला खटकतं. माणूस कमावतो म्हणून त्याने जगावं, असा त्याचा अर्थ होतो. निवृत्त, बेकार, एकट्या पुरुषाने मग काय करायचं?)

आता व्यसनांचा मुद्दा. स्वतःच्या हाताने तंबाखू मळून खाल्ली, त्याचा भुर्दंड समाजाने का सोसावा? प्रश्न रास्त वाटतो, पण हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडावा लागतो. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर मावा, विदर्भात खर्रा, आणि मागितला तर गुटखाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दारूच्या बाबतीत तर सरकार भागीदारच आहे: जून २०२५ मध्ये मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटींची जादा भर अपेक्षित असल्याचं सांगितलं गेलं. पिणाऱ्याच्या खिशातून तिजोरी भरायची आणि त्याचं यकृत हा त्याचा खासगी प्रश्न, हे कसं चालेल? तिरुवनंतपुरमला १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरोघरी जाऊन लोकांची तोंडं उजेडात बघत. पांढरा-लाल चट्टा दिसला की पुढे पाठवत. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी आधी व्यसन सोडावं, मगच तोंड बघू, अशी अट कोणी घातली नव्हती.

मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांविषयी जुन्या काळीही असंच बोललं जायचं, घाणेरडे, व्यसनी, गावाला पळणारे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये त्यांची संघटना उभी केली तेव्हा आठवड्याची एक सुट्टी आणि दुपारच्या जेवणाची अर्धा तास विश्रांती मागितली. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीने गिरणी कामगाराच्या फुप्फुसांचं जेवढं भलं केलं असेल, तेवढं स्वच्छतेवरच्या व्याख्यानांनी खचितच केलं नसेल. पुढे बाजार समित्यांत हमालांची पाठ वाचली ती पाठीचे व्यायाम शिकवून नव्हे. शंभर किलोचं पोतं पन्नासवर यावं म्हणून त्यांच्या संघटना भांडल्या. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना भविष्य निर्वाह निधी आणि औषधोपचाराचा हक्क मिळाला. आजचा डिलिव्हरी करणारा पोरगा या सगळ्यातून बाहेर पडला आहे. त्याला मालक नाही, म्हणून रजा नाही, म्हणून आजारी पडायची सोय नाही. त्याला पाणी भरपूर प्या म्हणून सांगणारा मेसेज कंपनी पाठवते.

सेवा पुरुषांपर्यंत नेली की ते येतात, याचे दाखले घरचेच आहेत. एड्सच्या काळात ट्रकचालकांना बदफैली म्हणून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर ‘खुशी क्लिनिक’सारखे दवाखाने उघडले गेले, चालक जिथे गाडी लावतो, वाट बघतो, तिथेच. अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पात तीस गावांतून गावातलेच कार्यकर्ते घरोघरी जाऊन मनाच्या ताणाबद्दल बोलले, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ गावापर्यंत आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले, आणि त्यात स्त्री-पुरुष असा फरक राहिला नाही. विदर्भातला शेतकरी मन मोकळं करत नाही, असं आपण किती वर्षं म्हणत होतो?

म्हणून मागणी साधी आहे. शहरांत ‘आपला दवाखाना’ दुपारी दोन ते रात्री दहा या वेळेत चालवायचं धोरण २०२३ मध्ये राज्याने घेतलं. त्यामागचं तत्त्व बरोबर होतं. ते प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत न्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी ओपीडी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारातच एक टेबल, कारण त्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे पुरुष आपण होऊन तिथे आलेले असतात. रक्तदाब-मधुमेह आटोक्यात असलेल्याला एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या. रक्त घेतलं की रिपोर्ट फोनवर, त्यासाठी पुन्हा खाडा नको. डॉक्टर म्हणतील, पदं रिकामी आहेत, आहे तो माणूस आधीच पिळून निघालाय. खरं आहे. संध्याकाळी बसणाऱ्याला दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी मिळाली पाहिजे, आणि उपकेंद्रांतल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना ठरलेली औषधं चालू ठेवण्याचं काम निर्धास्तपणे करता आलं पाहिजे. यासाठी पैसे कुठून, हे विचारणाऱ्याला ते १४ हजार कोटी दाखवता येतील.

पहिले सहा महिने गर्दी होणार नाही, हे मी धरूनच चालतो. बंद दाराची सवय लागलेला माणूस दार उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी येत नसतो. तेव्हा ‘बघा, पुरुष येतच नाहीत’ म्हणून ही संध्याकाळची ओपीडी गुंडाळायची घाई होईल. दवाखान्यातलं बाळंतपण रुळायला आपण दहा-पंधरा वर्षं दिली. हिला निदान दोन द्या, आणि किती पुरुष आले, किती बायका आल्या, कितींचा रक्तदाब आटोक्यात आला, हे आकडे दर तीन महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.